परीक्षेस बसणारें मूल आणि त्याचे आईबाप

शास्त्रभाग : दानीएल १ : ३-२०



वरील शास्त्रभाग आपल्या मंडळ्यांत पुष्कळदां वाचला जातो, व त्यावर बहुधा राजाच्या अन्नाविषयीं आणि द्राक्षारसाविषयीं उपदेश होतो. तो उपदेश योग्यच आहे. परंतु हा अध्याय सावकाश वाचला असतां असें दिसून येईल कीं, ही एका परीक्षेची हकीकत आहे. बाबेलच्या राजानें यहूदांतील कांहीं तरुण निवडून घेतले, त्यांस कास्दी लोकांची भाषा व विद्या शिकविण्याची आज्ञा केली, अभ्यासाची मुदत तीन वर्षें ठरविली, आणि मुदत भरल्यावर सर्वांस आपणासमोर आणवून त्यांची परीक्षा घेतली. अभ्यास एक, मुदत एक, परीक्षक एक. त्या दिवशीं प्रत्येकास आपल्याच तोंडानें उत्तर द्यावें लागलें.

खेड्यांतील मुलांपुढें आज अशीच एक परीक्षा आहे. ती जवाहर नवोदय विद्यालयाची निवड परीक्षा होय. आपल्या मंडळ्यांतील जीं मुलें पांचवीच्या वर्गांत आहेत त्यांच्याशीं तिचा निकट संबंध आहे, म्हणून तिची माहिती प्रथम थोडक्यांत देतों. हीं विद्यालयें सरकारचीं आहेत. पहिलीं दोन १९८५-८६ सालीं निघालीं. एक हरियाणांत झज्जर येथें व दुसरें आपल्या महाराष्ट्रांत अमरावती येथें. आतां देशांत त्यांची संख्या सहाशेंहून अधिक आहे. सहावीपासून बारावीपर्यंत मुलें तेथेंच राहून शिकतात, आणि त्यांचें राहणें, जेवण, गणवेश व पुस्तकें ह्यांचा भार सरकार उचलतें. शेंकडा ७५ तरी जागा ग्रामीण भागांतील मुलांस दिल्या जातात, व एकंदर जागांपैकीं निदान एक तृतीयांश जागा मुलींकरितां असतात. एका विद्यालयांत सहावीच्या वर्गांत जास्तींत जास्त ८० मुलें घेतात. अर्जास फी नाहीं. मात्र ही परीक्षा मुलास एकदांच देतां येते. दुसऱ्यांदा बसूं देत नाहींत.

ही शेवटची अट ऐकून आईबापांच्या छातींत धडकी भरते, हें आम्ही जाणतों. त्या धडकीच्या भरांत कोणी शिकवणीच्या क्लासाकरितां कर्ज काढितो. कोणी म्हणतो, "आम्ही अंगठा उठविणारीं माणसें, आम्हांस ह्यांतलें काय कळतें?" आणि सर्व भार गुरुजींवर टाकून मोकळा होतो. कोणी मंडळींत प्रार्थनेची विनंती करितो व घरीं गेल्यावर मुलास गुरांमागें पाठवितो. ह्या सर्वांस दानीएलाच्या ह्या अध्यायांत बोध आहे. त्याच्या चार गोष्टी आपण पाहूं.

पहिली गोष्ट ही कीं, देव विद्या देतो, पण ती अभ्यासाच्या वाटेनें देतो.

त्या चार तरुणांस विद्या व शहाणपण देवानें दिलें, असें सतराव्या वचनांत सांगितलें आहे. परंतु तीन वर्षांची मुदत पांचव्या वचनांत आहे. हीं दोन्ही वचनें एकाच अध्यायांत आहेत, आणि एक वाचून दुसरें गाळण्याचा आपणांस अधिकार नाहीं. त्या देशांत ओल्या मातीच्या पाट्यांवर बोरूनें खिळ्यांसारखीं अक्षरें उमटवीत असत. तेथील विद्यार्थ्यांनीं पुनःपुन्हां गिरविलेल्या अशा पाट्या जमिनींत सांपडल्या आहेत. दानीएलासही परकी भाषा व परकी विद्या शिकावी लागली, आणि ती एका रात्रींत आली नाहीं. जो कुणबी पेरणी न करितां पिकाकरितां प्रार्थना करितो त्यास आपण भाविक म्हणत नाहीं, आळशी म्हणतों. मग ज्याचें मूल वर्षभर पुस्तक उघडीत नाहीं, व जो परीक्षेच्या आदल्या रविवारीं मंडळीपुढें उभा राहून प्रार्थना मागतो, त्यास काय म्हणावें?

ही परीक्षा दोन तासांची असते. तींत ८० प्रश्न व १०० गुण असतात. त्यांपैकीं ४० प्रश्न आकृतींवरून बुद्धि पाहणारे असून त्यांस ५० गुण आहेत. २० प्रश्न गणिताचे, २५ गुणांचे. व २० प्रश्न भाषेचे, २५ गुणांचे. मराठींतून परीक्षा देतां येते. १२० मिनिटांत ८० प्रश्न, म्हणजे एका प्रश्नास दीड मिनिट. एवढी चलाखी शेवटच्या महिन्यांत रात्र रात्र जागून येत नाहीं. ती पांचवीच्या आरंभापासून रोज एक तास बसल्यानें येते. म्हणून आईबापांनीं पहिली देणगी मुलास द्यावी ती ह्या एका तासाची. त्या तासांत त्यास पाणी आणावयास सांगूं नये, दुकानांत पाठवूं नये, आणि घरांतील मोबाइल व टीव्ही बंद ठेवावे. ज्या घरांत ही गोष्ट घडत नाहीं त्या घरानें क्लासास कितीही पैसे भरले तरी फळ थोडेंच मिळेल.

दुसरी गोष्ट ही कीं, ज्यांस लिहितांवाचतां येत नाहीं अशा आईबापांसही मुलाचा अभ्यास घेतां येतो.

दानीएलाच्या आईबापांचीं नांवें शास्त्रांत नाहींत. तथापि राजवाड्यांतील अन्न पुढें आलें तेव्हां त्याला जी ओळख होती, ती बाबेलांत मिळालेली नव्हती. ती घरांतून आली होती. तीमथ्याची आजी लोईस व आई युनीके ह्यांचीं नांवें पौलानें आपल्या पत्रांत मोठ्या मानानें घेतलीं आहेत. ह्या बाया कोणत्या शाळेंत शिकल्या होत्या हें आपणांस कोठें सांगितलेलें नाहीं. त्यांचा विश्वास मात्र सांगितला आहे.

आपल्याच देशांतील पंडिता रमाबाई ह्यांचें उदाहरण घ्या. त्यांस संस्कृत त्यांच्या आईनें शिकविलें. १८७८ सालीं कलकत्त्यास पंडितांनीं त्यांची परीक्षा पाहून त्यांस 'पंडिता' व 'सरस्वती' ह्या पदव्या दिल्या. तो दिवस पाहण्यास ती माउली उरली नव्हती. दुष्काळाच्या हालांत ती त्यापूर्वींच वारली होती. तिनें निकाल पाहिला नाहीं, पण अभ्यास घेतला. ती माउली विदुषी होती, तुम्ही नाहीं, असें तुम्ही म्हणाल. तर तुमच्या हातीं काय आहे तें आतां पाहूं.

भाषेच्या भागांत चार उतारे असतात, व प्रत्येकावर पांच प्रश्न. ह्याची तयारी घरच्या प्रार्थनेच्या वेळीं होऊं शकते. रात्रीं मुलानें शास्त्राचा एक भाग किंवा शाळेच्या पुस्तकांतील एक धडा मोठ्यानें वाचावा, व आईनें ऐकावें. मग आईनें विचारावें : हें कोठें घडलें? प्रथम कोण आला? मग काय झालें? आणि शेवटीं असा एक प्रश्न विचारावा कीं ज्याचें उत्तर सरळ लिहिलेलें नसून वाचणाऱ्यानें विचारानें काढावयाचें आहे. उदाहरणार्थ, जखमी वाटसरूच्या दाखल्यांत शोमरोनी मनुष्यानें उतारशाळेच्या रक्षकास पैसे कां दिले? स्वतः तेथें कां राहिला नाहीं? हा प्रश्न विचारण्यास अक्षरओळख लागत नाहीं, लक्ष लागतें.

गणित तर तुमच्या हातांतच आहे. सकाळीं डेअरीस ३ लिटर ५०० मिलिलिटर दूध घातलें, संध्याकाळीं २ लिटर ७५० मिलिलिटर घातलें, तर एकंदर किती? उत्तर ६ लिटर २५० मिलिलिटर. तें मुलानें डेअरीच्या वाटेवर तोंडीं सांगावें. ६० मीटर लांब व ४० मीटर रुंद वाफ्यास तारेचा एक वेढा द्यावयाचा तर तार किती लागेल, आणि त्या वाफ्याचें क्षेत्रफळ किती? तार २०० मीटर, क्षेत्रफळ २४०० चौरस मीटर. परिमिती व क्षेत्रफळ ह्यांत पुष्कळ मुलें गोंधळतात. पण बांधावरून एकदां चालत गेलेलें मूल सहसा गोंधळत नाहीं. बाजारांत कोथिंबिरीची जुडी काय भावानें घेतली व काय भावानें विकली, नफा झाला कीं तोटा, हें बापानें मुलास विचारावें. भाकरीचे चार तुकडे करून त्यांतील तीन वाढले तर किती भाग वाढला, हें आईनें विचारावें.

आतां आकृतींचा भाग. ह्यास निम्मे गुण आहेत, आणि ह्यासच आईबाप सर्वांत जास्त भितात. वास्तविक ह्यांत वाचावयाचें फारसें नसतें, पाहावयाचें असतें. एक आकृति आरशांत कशी दिसेल असें विचारितात. घरांतील आरसा घ्यावा, कागदावर एखादें अक्षर किंवा खूण काढावी, मुलानें प्रथम मनानें सांगावें व मग आरसा लावून पाहावें. कागदाची घडी घालून भोंक पाडलें, तर उघडल्यावर भोंकें कोठें कोठें दिसतील असें विचारितात. जुन्या वर्तमानपत्राचे चौकोन कापून दहा दिवस हा खेळ खेळावा. अर्धवट आकृतींतील राहिलेला भाग कोणता असें विचारितात. ज्या मुलीनें ठिपके मांडून रांगोळी काढिली आहे तिला हें नवें नाहीं. आईनें चार भागांची रांगोळी तीन भाग काढून सोडावी, व चौथा भाग मुलानें पुरा करावा. चार आकृतींत वेगळी कोणती, आणि मोठ्या चित्रांत लहान आकृति कोठें लपली आहे, असेही प्रश्न असतात. ह्या सर्वांचे प्रकार दहाच आहेत व प्रत्येकाचे चार प्रश्न असतात. एक एक प्रकार घेऊन सराव केला म्हणजे भीति जाते.

उत्तरें लिहावयाचीं नसतात. प्रत्येक प्रश्नास चार पर्याय असतात, व योग्य पर्यायाचें वर्तुळ निळ्या किंवा काळ्या बॉलपेननें भरावयाचें असतें. एकदां भरलेलें वर्तुळ बदलतां येत नाहीं. म्हणून घरीं कागदावर वर्तुळें काढून तीं नीट भरण्याचा सराव मुलास द्यावा, आणि प्रश्नाचा क्रमांक व वर्तुळाचा क्रमांक एकच आहे हें दर वेळीं पाहण्याची संवय लावावी. एका ओळीची चूक झाली तर पुढचीं सर्व उत्तरें चुकतात. चुकीच्या उत्तरास गुण कापीत नाहींत; ह्यास्तव एकही वर्तुळ रिकामें ठेवूं नये. जें येत नाहीं त्यांत उघड चुकीचे पर्याय प्रथम बाजूस काढावे व उरलेल्यांतून एक निवडावा.

मागील वर्षांचे प्रश्न गुरुजींकडून मिळवून आठवड्यांतून एकदां घड्याळ लावून सोडवावे. जें चुकलें तें एका निराळ्या वहींत उतरून घ्यावें. मग बापानें शेतावरून आल्यावर म्हणावें, "बाळ, हें कां चुकलें तें मला समजावून सांग." बापास समजो वा न समजो, समजावून सांगतां सांगतां मुलास समजतें. प्रभु येशू बारा वर्षांचा असतां मंदिरांत गुरुजनांमध्यें बसून ऐकत होता व प्रश्न विचारीत होता, असें लूकानें लिहिलें आहे. ऐकणें व विचारणें ही विद्येची जुनी रीत आहे, आणि ती तुमच्या ओसरीवरही चालूं शकते.

तिसरी गोष्ट ही कीं, जें अशुद्ध आहे त्याच्या मोबदल्यांत यश घेऊं नये.

दानीएलानें विद्या घेतली, नांव बदललेलें सोसलें, पण ज्या अन्नानें आपण विटाळूं असें त्यास वाटलें तें घेतलें नाहीं. कोठें नमावें व कोठें नमूं नये हें त्यानें परीक्षेच्या अगोदरच मनांत ठरविलें होतें. आपल्यापुढेंही असे प्रसंग येतात. ग्रामीण जागेकरितां मुलानें तिसरी, चौथी व पांचवी ह्या तिन्ही इयत्ता ग्रामीण भागांतील मान्य शाळेंत काढलेल्या असाव्या लागतात. कोणी सुचवितो कीं, मूल शहरांत शिकूं द्यावें व नांव मात्र खेड्यांतील शाळेच्या पटावर ठेवावें. कोणी म्हणतो, जन्मतारीख थोडी पुढें ओढूं. कोणी परीक्षेच्या खोलींत ओळखीचा मनुष्य आहे असें कानांत सांगतो. बंधूंनो, जागा मोजक्या आहेत. तुम्ही खोट्या दाखल्यानें घेतलेली जागा रिकामी पडलेली नव्हती; ती दुसऱ्या कोणा खेडुताच्या लेंकराची होती. आणि तुमच्या मुलास तर हें सर्व माहीत असणार. दहा वर्षांच्या मुलास बापानें दिलेला तो पहिला धडा होईल, व तो नवोदयांतील सात वर्षांच्या शिक्षणानें पुसला जाणार नाहीं. खोट्या तराजूचा परमेश्वरास वीट येतो हें नीतिसूत्रांतून आपण शिकलों आहों. दाखलाही एक तराजूच आहे.

ह्याच ठिकाणीं मुलींविषयीं एक शब्द. घरांत दोन मुलें असलीं म्हणजे मुलाचा अर्ज भरला जातो, आणि मुलीचा भरावयाचा राहतो. कारण ती घरकामास लागते व दूर कशी ठेवावी अशी चिंता वाटते. सरकारनें मुलींकरितां राखलेली जागा बापानेंच अडवावी, हा कसला न्याय? ज्या देवानें तिला बुद्धि दिली तो तिचा हिशेब तिच्या बापाजवळ मागेल. रुपयांच्या दाखल्यांत ज्यानें आपला ठेवा जमिनींत पुरला त्याचें काय झालें तें आपणांस ठाऊक आहे.

चौथी गोष्ट निकालाची आहे, आणि हीच सर्वांत कठीण आहे.

दानीएल व त्याचे तिघे सोबती राज्यांतील सर्व ज्ञान्यांहून दसपट चांगले निघाले, हें वाचून कोणी समजेल कीं, विश्वासू मुलास पहिला क्रमांक देण्याचें देवाचें वचन आहे. असें वचन शास्त्रांत नाहीं. ह्याच तिघांची हकीकत दोन अध्याय पुढें वाचा. भट्टीपुढें उभे असतां त्यांनीं राजास सांगितलें कीं, आमचा देव आम्हांस वांचविण्यास समर्थ आहे. परंतु त्यानें वांचविलें नाहीं तरीही आम्ही मूर्तीपुढें नमणार नाहीं. ज्या विश्वासानें ते परीक्षेंत वर आले तो विश्वास यशावर टेकलेला नव्हता, म्हणूनच तो भट्टींत टिकला.

आईबापांनो, जागा जास्तींत जास्त ८० व बसणारीं मुलें त्याहून कितीतरी पट अधिक. म्हणजे जीं मुलें मन लावून अभ्यास करितात त्यांतील पुष्कळ मुलें निवडलीं जाणार नाहींत, हें आजच समजून ठेवा. निकालाच्या दिवशीं यादींत नांव नाहीं असें कळल्यावर तें मूल प्रथम पुस्तकाकडे पाहत नाहीं. तें तुमच्या तोंडाकडे पाहतें. त्या वेळीं तुमच्या तोंडावर त्यास काय दिसेल? राग दिसला, खर्चाचा हिशेब ऐकूं आला, शेजारच्या मुलाचें नांव निघालें, तर तें असें समजेल कीं माझी किंमत त्या यादींत होती व ती गेली. कित्येक घरीं अशा वेळीं मुलास मार बसतो, आणि कित्येक मुलें त्यानंतर शाळेचाच तिटकारा धरितात. परीक्षा एका दिवसाचीं दोन तासांचीं उत्तरें मोजिते. तें मूल कोण आहे हें ती मोजीत नाहीं. त्याचें मोल ज्यानें ठरविलें त्यानें तें वधस्तंभावर ठरविलें आहे. म्हणून परीक्षेस जाण्यापूर्वींच मुलास स्पष्ट सांगा : "तूं मनापासून अभ्यास केलास, आम्ही तो पाहिला. नांव लागलें तरी तूं आमचा, न लागलें तरी तूं आमचा." हें बोलणें निकालानंतर समजूत म्हणून सांगितलें तर मुलास खरें वाटत नाहीं. तें अगोदर सांगावें लागतें.

आणि अभ्यास वायां जात नाहीं. वर्षभर वाचून समजण्याची, मोजण्याची व विचार करण्याची जी संवय लागली ती गांवच्या शाळेंतही उपयोगी पडते, व पुढच्या प्रत्येक परीक्षेंत उपयोगी पडते.

ज्यांचें मूल निवडलें जाईल त्यांसही एक सूचना आहे. तें लहान वयांत घर सोडणार. नववींत तर कांहीं मुलांस एक वर्ष दुसऱ्या भाषेच्या प्रांतांतील विद्यालयांत पाठवितात. म्हणून आपले कपडे धुणें, अंथरूण घालणें, आजार लपवून न ठेवितां सांगणें, आणि कोणी न सांगतां प्रार्थना करणें, ह्या गोष्टी पांचवींतच शिकवा. दानीएल बाबेलांत उभा राहिला तो यहूदांतील शिदोरीवर.

परीक्षेच्या दिवसाविषयीं फार सांगावयास नको. प्रवेशपत्र व दोन पेनें आदल्या रात्रीं पिशवींत ठेवावीं. एसटीची वेळ पाहून लवकर निघावें. मुलास पुरी झोंप व साधें अन्न द्यावें. डाळभातानें बुद्धि मंद होत नाहीं, ह्यास दानीएलाची दहा दिवसांची कसोटी साक्ष आहे. वाटेवर नवे प्रश्न विचारूं नयेत.

आतां आमच्या उपदेशक बंधूंस विनंति. आपल्या गांवांतील प्रार्थनामंदिर आठवड्याचे सहा दिवस संध्याकाळीं बहुतेक बंद असतें. तेथें दिवा आहे, सतरंजी आहे, शांतता आहे. पांचवीच्या मुलांकरितां तें एक तास उघडावें, व केवळ आपल्या मंडळीच्या मुलांकरितां नव्हे, तर जें येईल त्या प्रत्येक मुलाकरितां. गणितांत अडलें तर शाळेच्या गुरुजींस बोलवावें. नवोदयांत शिकून आलेला एखादा तरुण जवळपास असेल तर त्यास विनंति करावी. अर्ज ऑनलाइन भरावयाचा असतो. ज्यास तो भरतां येत नाहीं त्याच्याजवळ बसून भरून द्यावा, आणि जें खरें तेंच भरावें. ह्या सेवेस पगार नाहीं, पण ज्या घरास कर्ज काढावें लागलें नाहीं तें घर ती विसरणार नाहीं.

ज्या देवानें दानीएलास तीन वर्षें परक्या नगरांत सांभाळलें तो आपल्या लेंकरांस अभ्यासांत धीर, उत्तरांत खरेपणा, आणि निकालांत शांति देवो. आणि आपणां आईबापांस असें प्रेम देवो कीं जें कोणत्याही यादीवर अवलंबून नाहीं. आमेन.